पहिले तीन दिवस कोणाच्या खात्यात?

सोमवारी दुपारी त्याची दोन बोटे प्रेसखाली आली. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींची शेवटची पेरे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत तो, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी भाड्याने राहतात. मूळचा भिंडकडचा. बानमोरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून पॉवर प्रेसवर लागलेला. संध्याकाळी घरी आला तेव्हा मनगटापर्यंत पट्टी होती, पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीला रबर. टाके पडले होते, एका पेराचे हाड तडकले होते. डॉक्टरांनी पंधरा दिवस हात हलवायचा नाही म्हणून बजावले होते. मी विचारले, पगाराचे काय? तो अगदी सहज म्हणाला, "तीन दिन तो अपने ही खाते में होते हैं, काकाजी. उसके बाद देखेंगे."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्याला कायद्याचे कलम माहीत नव्हते, पण कलमाचा अर्थ अचूक माहीत होता. कामावर जखमी झालेल्या माणसाचे पहिले तीन दिवस त्याच्या स्वतःच्या खात्यात जातात. हे तो शाळेत शिकला नव्हता. बापाकडून, शेजारच्या मशीनवरच्या माणसाकडून, मुकादमाकडून तो ते शिकला होता. साठहून अधिक वर्षे जुना नियम असाच रक्तात उतरतो.

मुळात नियम असा. कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 साली झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. त्याच्या कलम 3 मध्ये अलीकडे अट होती की दुखापतीमुळे येणारी असमर्थता तीन दिवसांपेक्षा जास्त टिकली नाही, तर मालक भरपाईला बांधील नाही. पुढे कलम 4 म्हणत असे की तात्पुरती असमर्थता 28 दिवसांपेक्षा कमी असेल तर तीन दिवसांचा प्रतीक्षाकाल संपल्यावरच पैसे सुरू होतील. 28 दिवस किंवा त्याहून जास्त चालली तर मात्र पहिला हप्ता सोळाव्या दिवशी मिळतो आणि सुरुवातीचे दिवस त्यात धरले जातात. म्हणजे सत्तावीस दिवस घरी बसलेल्या माणसाचे तीन दिवस बुडतात, अठ्ठावीस दिवस बसलेल्याचे बुडत नाहीत. या एका दिवसाच्या फरकात कुठला न्याय आहे, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही.

आता रकमेकडे बघा, कारण प्रतीक्षाकालावर बोलताना रक्कम बाजूला ठेवली की सगळे फार सौम्य वाटते. तात्पुरत्या असमर्थतेसाठी कायदा दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के देतो, म्हणजे साधारण अर्धा पगार. समजा माणसाचा पगार 12,000 आहे आणि तो वीस दिवस घरी राहिला. त्याचे 8,000 बुडाले. त्यातले तीन दिवस आधीच वजा, उरले सतरा. पंधरवड्याला 3,000 या हिशेबाने सतरा दिवसांचे होतात 3,400. आठ हजारांच्या भोकाला चौतीसशेचे ठिगळ. आणि जास्त पगाराच्या माणसाला छत वेगळे: हिशेबासाठी धरायचे वेतन 2010 साली 8,000 होते, जानेवारी 2020 मध्ये ते 15,000 झाले. त्यापेक्षा जास्त कमावणाऱ्याचाही हिशेब पंधरा हजारांवरच. एका जखमेवर आधी दिवसांची कात्री, मग निम्म्या पगाराची, मग छताची.

प्रतीक्षाकाल ठेवणाऱ्यांची बाजू खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. त्यांची दोन कारणे होती. एक, किरकोळ खरचटण्यासाठी कागद, चौकशी, दाखले यांचा खटाटोप करायचा तर खर्च भरपाईपेक्षा जास्त होईल. दोन, घरी बसून पैसे मिळतात म्हटल्यावर लोक बहाणे करतील. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेव्हा हे कायदे युरोपात जन्मले, तेव्हा मालक, विमावाले आणि न्यायाधीश सगळ्यांच्या मनात ही दुसरी भीती पहिल्यापेक्षा मोठी होती. ब्रिटनच्या 1897 च्या कायद्यात दोन आठवड्यांची अट होती, 1906 मध्ये ती एका आठवड्यावर आली, 1923 मध्ये तीन दिवसांवर.

आणि इथे थांबावेसे वाटते. ज्या 1923 साली ब्रिटनने आपल्या कामगारासाठी तीन दिवस ठरवले, त्याच 1923 साली हिंदुस्थानातल्या कामगारासाठी ठरवलेला प्रतीक्षाकाल दहा दिवसांचा होता. मँचेस्टरच्या गिरणीत बोट तुटले तर तीन दिवस, परळच्या गिरणीत तुटले तर दहा. (ग्वाल्हेर संस्थान तर या कायद्याच्या बाहेरच होते. बिर्लांनी 1921 साली इथे सुरू केलेली जियाजीराव कॉटन मिल तेव्हा अवघी दोन-तीन वर्षांची होती.) दहाचे सात झाले 1933 च्या दुरुस्तीत. त्यामागे कामगारांच्या प्रश्नांवरच्या व्हिटले आयोगाची शिफारस होती आणि त्या आयोगावर ना. म. जोशी होते. परळच्या चाळींतून सामाजिक सेवेचे काम उभे करणारे हे गृहस्थ 1921 पासून मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या वतीने बसत होते. सातचे तीन झाले 1959 मध्ये. म्हणजे छत्तीस वर्षांत दोनदा हात लावून सात दिवस कमी झाले. त्यानंतरच्या साठहून अधिक वर्षांत एक दिवसही नाही. 2009 मध्ये कायद्याचे नाव बदलून त्यात 'कर्मचारी' आला, 2020 मध्ये त्याची सामाजिक सुरक्षा संहिता झाली, 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली. नावे बदलली, कलमांचे आकडे बदलले. तीन दिवस जसेच्या तसे पुढे आले.

ना. म. जोशींच्या काळात दहाचे सात करणे ही लढाई होती. आज तीनचे शून्य करणे ही मागणीसुद्धा कोणाच्या यादीत दिसत नाही. मला वाटते याचे कारण असे की तीन दिवस लहान वाटतात. वातानुकूलित खोलीत मसुदा तयार करणाऱ्याला तीन दिवस म्हणजे एक लांबलेला शनिवार-रविवार. मी स्वतः महाविद्यालयात शिकवत होतो. एकदा जिन्यावरून पाय घसरून घोटा सुजला, चार दिवस घरी होतो. किरकोळ रजेच्या अर्जावर सही झाली आणि महिन्याच्या शेवटी पगारात एक पैसा कमी नव्हता. तो घोटा महाविद्यालयाच्या जिन्यावर सुजला की घरच्या, हेही कोणी विचारले नाही. माझ्यावर विश्वास ठेवला गेला. मागच्या खोलीतल्या माणसाच्या तुटलेल्या हाडावर मात्र तीन दिवस संशय घेण्याची कायद्याने सोय केलेली आहे. बहाण्याची भीती फक्त हाताने काम करणाऱ्याबद्दल का वाटते, हा प्रश्न मला माझ्याच रजेच्या अर्जाने घातला.

बहाण्याचा मुद्दा हिशेबालाही टिकत नाही. निम्म्या पगारासाठी कोण बोट ठेचून घेईल? डॉक्टरचा दाखला लागतोच, टाके दिसतातच. ज्याला खोटेच वागायचे आहे तो तीन दिवसांऐवजी पाच दिवस झोपून राहील. प्रतीक्षाकाल त्याला अडवत नाही, उलट चार दिवस थांबण्याची कला शिकवतो. अडतो तो प्रामाणिक माणूस, ज्याची जखम खरोखर तीन दिवसांत बरी होते.

आता त्याच माणसाच्या मंगळवारकडे येतो, कारण प्रतीक्षाकालाचा खरा घाव तिथे दिसला. मंगळवारी संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला. स्वर प्रेमळ होता. उद्या सकाळी ये, काम करायचे नाही, गेटवर बसून राहा, रजिस्टरवर सही कर, पगार चालू राहील. त्याला हा दिलासा वाटला. मला भीती वाटली. 1948 च्या कारखाना कायद्याप्रमाणे अपघातामुळे कामगार 48 तास किंवा अधिक कामाला येऊ शकला नाही तर अपघाताची सूचना निरीक्षकाला द्यावी लागत असे. सोमवारी दुपारचा अपघात. बुधवारी सकाळी सही म्हणजे 48 तासांच्या आत. आणि भरपाईसाठी तीन दिवसांहून जास्त असमर्थता लागते, तीही मिटली. एका सहीत अपघात कागदावरून पुसला गेला.

तो गेला. दोन दिवस गेटवर बसला. डाव्या हाताने सही केली, ती इतकी वाकडी होती की रजिस्टर बघणाऱ्या कोणालाही कळावे. धूळ, घाम आणि बसमधले धक्के लागून पट्टीखाली पू झाला. शुक्रवारी ताप चढला आणि मग अकरा दिवस तो घरी पडून होता. त्या अकरा दिवसांचे काय, असे विचारले तर उत्तर आले की तू तर बुधवारी कामावर हजर होतास. बायको त्याची नाडी बांधून देत असे, भाकरीचा तुकडा मोडून देत असे. मुलगी विचारायची, बाबा उलट्या हाताने का जेवतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली त्यांची उधारीची वही त्या पंधरवड्यात तीन पानांनी पुढे गेली.

हे मी एका माणसाबद्दल लिहितो आहे, पण यातली यंत्रणा एका माणसाची नाही. प्रतीक्षाकाल फक्त तीन दिवसांचा पगार कापत नाही. तो एक रेष आखतो आणि रेषेच्या अलीकडे अपघात ठेवणे मालकाच्या, ठेकेदाराच्या, सुपरवायझरच्या फायद्याचे करून टाकतो. रेषा नसती, पहिल्या तासापासूनच भरपाई लागू असती, तर बुधवारी त्याला गेटवर बसवून कोणाला काय मिळाले असते? काहीच नाही. तो घरी राहिला असता, जखम वाळली असती.

दुसरे नुकसान याहून खोल आहे. लहान जखमा मोठ्या अपघाताच्या खबरी असतात. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिखने 1931 साली आपल्या पुस्तकात मांडले होते की एका गंभीर अपघातामागे 29 किरकोळ जखमा आणि 300 बिनजखमेचे प्रसंग असतात. त्याच्या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले आणि ते योग्यच होते. पण ज्याने कारखाना पाहिला आहे त्याला मूळ गोष्ट पटते: ज्या प्रेसवर आज पेर ठेचले जाते, त्याच प्रेसवर उद्या पंजा जातो, कारण मशीनचे संरक्षक गार्ड काढलेले असते. तीन दिवसांच्या आतल्या सगळ्या जखमा कागदावरच आल्या नाहीत, तर गार्ड काढलेले आहे हे निरीक्षकाला, विमावाल्याला, कोणालाच कळत नाही. ज्या खर्चामुळे मालकाने गार्ड परत बसवले असते, तो खर्च आपण कामगाराच्या घरी पाठवून दिला.

कोणी म्हणेल, यासाठीच तर कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) आहे. खरे आहे, आणि ती योजना आपल्याकडची फार मोठी कमाई आहे. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना प्रा. बी. पी. अदारकरांनी 1944 मध्ये तिचा आराखडा दिला, 1948 मध्ये कायदा झाला, 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत ती सुरू झाली. तिच्यात कामावरच्या अपघातासाठी वेतनाच्या 90 टक्के मिळतात. अपघाताचा दिवस सोडून असमर्थता निदान तीन दिवस टिकली पाहिजे ही अट तिथेही आहे, पण ती पार झाली की पैसे सगळ्या काळाचे. अदारकरांची चौकट 1923 च्या कायद्यापेक्षा कितीतरी माणुसकीची आहे. अडचण इतकीच की ती चौकट ज्यांच्याभोवती आहे ते थोडे. बिर्लानगरला जियाजीराव मिल चालू होती तेव्हा हजारो घरांत ईएसआयचे कार्ड होते. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली. ती माणसे, त्यांची मुले गेली कुठे? बिलौआच्या स्टोन क्रशरवर, घाटीगावकडच्या दगडखाणींत, बांधकामांवर, मालनपूर-बानमोरला ठेकेदाराच्या वहीत. 21,000 च्या वेतनमर्यादेत ती बसतात, पण कार्ड बनवणारा कोणी नसतो. माझ्या भाडेकरूच्या कारखान्यातही कायम कामगारांना ईएसआय होते. त्याला नव्हते, कारण ठेकेदाराने त्याचे नाव चढवलेलेच नव्हते. कायदा त्याला संरक्षण देतो, मूळ मालकालाही जबाबदार धरतो. पण ताप चढलेल्या माणसाने ते सिद्ध करत कुठे फिरायचे?

लहान मालकाची बाजू मी टाळणार नाही. पाच-सहा माणसांचे फॅब्रिकेशनचे दुकान चालवणारा स्वतःही वेल्डिंग करतो, त्याच्याही डोळ्यांत ठिणगी जाते. त्याच्यावर पहिल्या दिवसापासूनचा भार टाकणे सोपे नाही. म्हणूनच तो भार विम्यातून पेलला जावा, सगळ्या कारखान्यांवर थोडा थोडा वाटून. तीन दिवसांचे ओझे एका दुकानाला जड असेल, तर ते एका कामगाराच्या घराला किती जड असेल हे उघड आहे. आणि प्रेस विकत घेण्याचा निर्णय कामगाराने घेतलेला नव्हता.

परदेशातले दाखले देताना सावध राहायला हवे, पण एक-दोन गोष्टी फार शिकवतात. न्यूझीलंडमध्ये अपघात भरपाईची सार्वजनिक योजना 1974 पासून आहे. तिथेही प्रतीक्षाकाल आहे: योजनेचे पैसे एका आठवड्यानंतर सुरू होतात. पण त्या पहिल्या आठवड्यात, जखम कामावरची असेल तर, मालक 80 टक्के पगार देतो. म्हणजे थांबायचे ते निधीने, कामगाराने नाही. जर्मनीत आजारी किंवा जखमी कामगाराला मालक पहिल्या दिवसापासून सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार देतो, पुढे विमा. अमेरिकेत राज्याराज्यांत तीन ते सात दिवसांची प्रतीक्षा आहे, पण दुखणे ठरावीक काळापेक्षा लांबले की बहुतेक ठिकाणी मागचे दिवसही भरून मिळतात. प्रतीक्षाकाल ही निसर्गाची गोष्ट नाही, कोणीतरी ठरवलेली आहे. कोणी थांबायचे, हेही ठरवता येते.

आणि आपल्याकडे थांबायचे किती? तीन दिवस ही फक्त दाराची पायरी आहे. देय झालेली भरपाई मालकाने एका महिन्यात द्यावी, नाहीतर 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड, असे कायदा म्हणतो. भरपाई आयुक्ताने तीन महिन्यांत निकाल द्यावा, असेही म्हणतो. 1975 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रताप नारायण सिंग देव खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपरापासून गेला होता. एका चित्रपटगृहात सजावटीचे लाकूडकाम करताना तो जुलै 1968 मध्ये पडला होता. न्यायालयाने म्हटले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून ही शंभर टक्के असमर्थता आहे. आणि भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, निकालाच्या दिवशी नाही. फार मोठे तत्त्व आहे हे, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते पुन्हा ठणकावून सांगावे लागले, कारण मधल्या काळात उलट निकालही आले होते. पण त्या सुताराचा हिशेब बघा: 1968 चा अपघात, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर 1970 च्या दशकाच्या मध्यावर. कामगाराचे तीन दिवस तासांच्या काट्यावर मोजले जातात. मालकाचा महिना आणि आयुक्ताचे तीन महिने कॅलेंडरवर लोंबकळत राहतात. एकाच कायद्यात दोन घड्याळे, आणि जे घड्याळ नेमके चालते ते गरिबाच्या विरुद्ध चालते.

करायचे काय, हे मला स्पष्ट दिसते. तीन दिवसांची अट कामावरच्या अपघातासाठी पूर्ण काढावी. पहिल्या दिवसापासून, वैद्यकीय दाखल्यावर, किमान तात्पुरती रक्कम सुरू व्हावी. वाद असेल तर तो पैसे सुरू राहून चालावा. मालकाने मान्य केलेली रक्कम लगेच द्यावी ही तरतूद जुन्या कायद्यात होतीच, तिला फक्त दात हवेत. आणि जखमी माणसाला गेटवर बसवून घेतलेली हजेरी भरपाई नाकारायला पुरावा म्हणून चालू नये. ठेकेदाराच्या वहीत नाव नाही म्हणून मूळ मालकाने हात झटकले, तर ओझे त्याच्यावर असावे की हा माणूस आपला नव्हता हे सिद्ध कर. संहितेचे नियम आखण्याचा बराचसा अधिकार राज्यांकडे आहे. भोपाळ आणि मुंबई, दोन्हीकडे कामगार खाती आहेत, कामगार संघटना आहेत. अटीचे तीन दिवस संसदेनेच काढायचे आहेत, पण हजेरीच्या रजिस्टरचा प्रश्न राज्याच्या नियमात सुटू शकतो आणि तिथे कोणाला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

तो आता परत त्याच प्रेसवर आहे. मधले बोट शेवटच्या पेरात वाकत नाही, थंडीत दुखते. चहाचा कप तो अजून डाव्या हाताने धरतो. किराण्याच्या वहीतली तीन पाने दिवाळीच्या आठवड्यात मिटली, बायकोच्या पायातली जोडवी गहाण ठेवून. उधारी मिटली त्या दिवशी मी त्याला विचारले, गार्ड बसवले का रे मशीनला? तो म्हणाला, "अभी कहाँ, काकाजी."